खंडेनवमीला बंद केलेला संगणक

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. सांगायची वेळ आली नाही असं नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीत शाल-श्रीफळ देऊन मला चार शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा ती अगदी जिभेवर होती. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. त्यानंतर दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्कूटरला हार घालताना ती आठवते. दर वर्षी मी हार घालतो, नारळ फोडतो आणि वर येऊन टीव्ही लावतो.

आता लिहायला बसलोय तर दोनदा उठून आलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅलरीतले कपडे काढायला. कपडे वाळलेले नव्हतेच. बायको म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या. मी परत आत येऊन बसलो.

चाकणला आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचा. मी तिथे मीटर आणि गेज दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणून लागलो होतो. पुढे शेडमध्ये संगणक आले आणि मी त्यांच्या मागे लागलो. कॉलेजात शिकलेलं काही नव्हतं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्या दिवशी वीज नसायची म्हणून पडलेली जुनी पद्धत. असे कितीतरी गुरुवार मी दिघीच्या घरी एका जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून ते मोडत आणि परत उभं करत घालवले. शेवटी शेडमधल्या सगळ्या संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि इंजिनियर झालेली माणसंही मला विचारून काम करू लागली. याचा मला फार अभिमान होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

शेडमध्ये गळती तपासायची यंत्रं होती. तयार झालेल्या प्रत्येक भागात हवा भरायची, काही सेकंद धरून ठेवायची, हवा सुटत नसेल तर हिरवा दिवा. दिवा लागला की त्या भागाचा नंबर आणि तपासणीचे आकडे वायरीतून एका संगणकाकडे जायचे. ब्रेकचं काम असल्यामुळे गिऱ्हाईक कंपनीला हे आकडे हवेच असत. आकडा नाही तर भाग तपासलेलाच नाही, असा हिशेब. तो संगणक शेडच्या कोपऱ्यात काचेच्या दाराच्या कपाटात ठेवलेला होता. सगळे त्याला डबा म्हणत. त्याला नेटवर्कची दोन कार्डं होती. एकाची वायर ऑफिसकडे जायची, दुसऱ्याची यंत्रांकडे.

संगणक चालू होताना यातलं कोणतं कार्ड आपोआप उठवायचं, हे त्या लिनक्सवर एका साध्या फाईलमध्ये लिहिलेलं असे. ज्या कार्डासाठी ‘ऑटो’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आहे, ते संगणक स्वतःहून उठवतो. ओळ नसेल तर कार्ड जागेवर असतं, वायर लावलेली असते, आणि तरी ते निजलेलं राहतं. कुणीतरी कळफलकावर हुकूम देईल तेव्हाच उठतं. ओळ खोडायचीही गरज नसते. तिच्या आधी # एवढी खूण टाकली की संगणक ती ओळ वाचत नाही. एक बोट, एक खूण.

ती खूण मी टाकली. का टाकली ते सांगतो.

एका गुरुवारी मी त्या डब्याची हार्ड डिस्क बदलत होतो. शेडची वीज बंद होती, डबा जनरेटरच्या लाइनवर होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीची माणसं पाहणीला यायची होती, म्हणून आमचे प्लँट हेडही सुट्टी असून आले होते आणि माझ्या मागे उभे होते. डिस्क बदलून मी डबा चालू केला आणि तो मध्येच अडला. यंत्रांकडच्या कार्डाला त्याचा नेटवर्कवरचा पत्ता शेडमधल्या एका छोट्या उपकरणाकडून मिळायचा, आणि वीज नसल्याने ते उपकरण बंद होतं. त्यामुळे डबा त्या कार्डाची वाट बघत बसला. पडद्यावर ओळ आली, नेटवर्कसाठी आणखी साठ सेकंद थांबतो आहे. ही अगदी साधी गोष्ट होती, वीज आल्यावर अडलाच नसता. पण प्लँट हेडांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, नवीन डिस्क टाकून जास्त हळू झालाय की काय.

मला ते लागलं. काय घडतंय हे मी दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. सांगायच्या ऐवजी मी फाईल उघडली, यंत्रांकडच्या कार्डाच्या ‘ऑटो’ ओळीपुढे # टाकलं आणि डबा परत चालू केला. या वेळी तो सरळ उभा राहिला. प्लँट हेड ‘वा’ म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी सकाळी वीज आल्यावर मी ते कार्ड एक हुकूम देऊन हाताने उठवलं. आकडे यायला लागले, पाहणी छान झाली. खूण काढायची राहिली. नंतर काढू म्हणालो. केलेला प्रत्येक बदल कपाटातल्या रजिस्टरमध्ये लिहायचा, हा नियम मीच केलेला होता. त्या दिवशी मी त्यात डिस्क बदलली एवढंच लिहिलं.

नंतर कित्येक महिने काहीच झालं नाही. दर गुरुवारी यंत्रं बंद होत, शुक्रवारी चालू होत, पण डबा जनरेटरवर असल्याने बंद पडतच नसे. एकदा उठवलेलं कार्ड उठलेलंच राहिलं. मी ती खूण विसरलो. हे मी अगदी खरं सांगतोय, विसरलोच होतो. माझ्या पुढच्या वागण्यामुळे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तरी लिहून ठेवतो.

आता त्याच्याबद्दल. तो आमच्याकडे कंत्राटी इलेक्ट्रिशियन होता, लातूरकडचा, चाळिशी ओलांडलेला. नऊ वर्षं कंत्राटावर काढलेली. कामाला इतका चोख की वायर लावली की हलवून बघायचा, मग कान लावून ऐकायचा, मग परत एकदा दाबायचा. त्याच्या बोलण्यावरून सगळे त्याची थट्टा करायचे. ‘मी काम केलो, मी जेवलो’ असं तो लातूरच्या पद्धतीने म्हणे, आणि हसणाऱ्याला सांगे, काम तर झालं ना भाऊ, मग केलो काय आणि केलं काय. त्या वर्षी दिवाळीपासून काही कंत्राटी लोकांना पर्मनंट करायचं ठरलं होतं. यादीत त्याचं नाव होतं. मुलाखत झाली होती, डॉक्टरी तपासणीही झाली होती. फक्त कागद हातात पडायचा बाकी होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळा कारखाना बंद करून धुऊन-पुसून काढत. यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. पान्यापासून क्रेनपर्यंत कुणी सुटायचं नाही. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि दिघीला बिल्डिंगखाली स्कूटर धूत होतो. फोन वाजला. हाताला साबण होता, म्हणून फोन खांद्यात दाबून धरला.

तो म्हणाला, “साहेब, कपाटातला डबा बी बंद करू का? आत धूळ लई हाय. धुळीवर कुंकू कसं लावायचं? बंद करून ब्लोअर मारून घेतो.”

मी म्हणालो, “कर की बंद. परत लावलास की सगळं आपोआप चालू होतं. तुला काही बघायला नको.”

“बघायला नको ना?”

“अरे नको म्हटलं ना.”

एवढंच बोलणं. त्याने दोनदा विचारलं होतं.

दसरा सुट्टीत गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला यंत्रं चालू झाली. भाग तपासले गेले, हिरवे दिवे लागले, पेट्या भरून ट्रक गेले. डब्याचं ऑफिसकडचं कार्ड आपोआप उठलं होतं, त्यामुळे ऑफिसमधून बघणाऱ्याला डबा ठणठणीत दिसत होता. मीसुद्धा माझ्या टेबलावरून बघितलं, चालू आहे, ठीक आहे. आकडे येतायत का ते बघितलं नाही. आकडे न आल्यावर यंत्राने थांबावं अशी सोय आम्ही केलेली नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कंपनीच्या स्टोअरमधून फोन आला, तुमच्या पेट्यांचे आकडे कुठे आहेत?

खंडेनवमीनंतरचा एकही आकडा डब्यात नव्हता.

मी शेडमध्ये पोचलो तेव्हा कपाटाभोवती गर्दी होती. प्लँट हेड होते, सुपरवायझर होते, तोही होता. डब्यावर अजून हळदकुंकू आणि सुकलेला झेंडू होता. मी कळफलक पुढे ओढला, बघितलं, यंत्रांकडचं कार्ड निजलेलं. त्या क्षणी मला सगळं आठवलं. तो गुरुवार, ते घड्याळ, ती खूण. मागे प्लँट हेड विचारत होते, काय झालंय?

मी डब्याच्या मागे हात घातला, यंत्रांकडची वायर काढली आणि परत खोचली. मग पुढे येऊन हुकूम दिला. कार्ड उठलं, पडद्यावर आकडे सरकायला लागले. मी म्हणालो, “मागची वायर ढिली झाली होती. ब्लोअर मारताना हलली असणार.”

हे मी ठरवून केलं नाही. हात आपोआप मागे गेला. पण तोंडातून निघालेलं वाक्य माझंच होतं, आणि ते इतकं सरळ, इतकं पटण्यासारखं निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने आपल्या हाताकडे बघितलं.

परत उठून आलो. देवघरातला दिवा वाऱ्याने विझला होता तो लावला. बायकोने विचारलं, काय लिहिताय. मी म्हणालो, पेन्शनचं काहीतरी. म्हणजे आजही खोटंच.

पाठवलेल्या पेट्या परत मागवाव्या लागल्या. सुट्टीवर गेलेल्या माणसांना बोलावून सगळे भाग पुन्हा तपासले. एकाही भागात गळती सापडली नाही, पण गिऱ्हाईक कंपनीने लेखी विचारणा केली आणि प्लँट हेडांनी दुसऱ्या दिवशी मीटिंग लावली.

त्या संध्याकाळी शिफ्ट बदलली तेव्हा मी कपाटाजवळ एकटा होतो. मी फाईल उघडली. ओळ होती, ओळीपुढे माझं # होतं. फाईल शेवटची कधी बदलली ती तारीखही संगणक जवळ ठेवतो. ती मी बघितली. पाहणीच्या आदल्या दिवसाची होती, त्या गुरुवारची. शेडमध्ये त्या दिवशी माझ्याशिवाय कुणीही डब्याला हात लावलेला नव्हता, आणि रजिस्टरमध्ये डिस्क बदलल्याची माझी सही त्याच तारखेची होती. ज्याला वाचता येतं त्याला ही एक तारीख पुरेशी होती. वायर ढिली नव्हती, ब्लोअरने काही झालेलं नव्हतं, चूक कुणाची होती ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी # खोडलं आणि फाईल सेव्ह केली. तारीख बदलली. आजची झाली.

चूक दुरुस्त करणं माझं कामच होतं, असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगितलं. खूण काढायलाच हवी होती, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं असतं. खरं आहे ते. पण फाईलची नक्कल ठेवून मग दुरुस्त करायची, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवत होतो. त्या संध्याकाळी मी नक्कल ठेवली नाही. विसरलो नव्हतो.

मीटिंगमध्ये तो टेबलाच्या टोकाला उभा होता. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही. प्लँट हेडांनी विचारलं, डबा बंद करायला कुणी सांगितलं? तो म्हणाला, “मी साहेबांना इचारलो होतो. फोन केलो होतो.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, फोन आला होता खरा, पण कशाबद्दल ते नीट आठवत नाही. घरी पूजेची गडबड होती. आणि विचारलं असलं तरी चालू केल्यावर वायर तपासायला नको का, तो इलेक्ट्रिशियन आहे.

तो म्हणाला, “साहेबांना आठवत नसंल तर मला बी आठवत न्हाई.”

कुणीतरी हसलं. प्लँट हेडांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. पर्मनंटच्या यादीतून त्याचं नाव निघालं, आणि त्याच आठवड्यात कंत्राटदाराने त्याचा गेट पास काढून घेतला. मी कंपनीच्या बसच्या खिडकीतून बघितलं, तो गेटवर हेल्मेट जमा करत होता. वॉचमनने सही करायला वही पुढे केली तेव्हा त्याने खिशातून स्वतःचा टेस्टर काढून बाजूला ठेवला, पेन शोधलं, सही केली, टेस्टर परत खिशात घातला. मी मान दुसऱ्या बाजूला वळवली.

मला काहीच झालं नाही. उलट पुढच्या वर्षी त्या डब्याचं काम अधिक पक्कं केलं म्हणून माझं कौतुक झालं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कोणताही संगणक चालू होताना मी त्याच्यासमोरून हलू शकत नाही. घरी जुना लॅपटॉप आहे, लिनक्सचाच. तो चालू केला की मी उभा राहून बघतो, वायरीचं कार्ड उठलं का, वायफाय उठलं का. मग फाईल उघडून बघतो. मग बंद करून परत चालू करतो. जावई एकदा म्हणाला, बाबा, तो आपोआप होतो. मी त्याच्यावर नको इतका चिडलो. तो बिचारा ताथवड्याहून आमच्याकडे जेवायला आला होता.

मागच्या वर्षी कंपनीतला एक जुना सहकारी बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला, तुमचा तो लातूरवाला आता आळंदीत मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. पंप, पंखे, मिक्सर. चांगलं चाललंय म्हणे. मी ‘अरे वा’ म्हणालो आणि भाजी न घेताच घरी आलो.

दिघीहून आळंदीला बस थेट जाते. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानासमोरच्या रसवंतीवर उसाचा रस घेतला, तो प्यायला बराच वेळ लावला, आणि आलो. तो पाठमोरा बसला होता. केस पांढरे झाले होते.

दुसऱ्यांदा काहीतरी कारण हवं म्हणून घरातला मिक्सर पिशवीत घालून नेला. मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं.

त्याने मला लगेच ओळखलं. स्टुलावरून उठला, स्टूल फडक्याने पुसून माझ्याकडे सरकवलं. त्याची बायको आत तांब्याची तार गुंडाळत बसली होती. तिला म्हणाला, बघ कोण आलंय. तिने मान वर केली. “हेच का ते, डब्याचे साहेब?”

“हेच.”

तिने पाणी आणून दिलं आणि परत तार गुंडाळायला बसली, पण आता माझ्याकडे तोंड करून.

मी म्हणालो, “मिक्सर बिघडलाय. तुम्ही बघाल का जरा?”

“साहेब, तुमी कवापासनं? मला तू म्हनायचा की.” त्याने मिक्सर बोर्डाला लावला, बटण फिरवलं. मिक्सर खणखणीत चालला. त्याने माझ्याकडे बघितलं.

“मध्येच बंद पडतो,” मी म्हणालो.

“मदीच बंद पडनारा दोष लई वंगाळ. दुकानात आला की चालतो, घरी गेला की रुसतो. ठेवून जावा. बघतो दोन दिवस.”

त्याने माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून मिक्सरला चिकटवला. चहा आला. मुलांची चौकशी झाली, माझ्या गुडघ्यांची झाली. मी कप खाली ठेवला आणि आता बोलायचं असं ठरवलं. तेवढ्यात तोच म्हणाला, “साहेब, एक इचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“त्या दिवशी मी वायर दाबून बघितलो होतो. ब्लोअर मारलो, मग दोन्ही वायरी दाबलो. टिक असा आवाज आला होता, दोन्हींचा. अजून कानात हाय. मग ढिली कशी निघाली?”

तो भांडत नव्हता. तक्रारही करत नव्हता. वाइंडिंग जळालेली मोटर उघडून, कुठे बिघडलं असेल असं विचारावं तसं त्याने विचारलं. मग हसून म्हणाला, “तवापासनं मी कुठल्याबी मशिनीला ब्लोअर मारत न्हाई. ब्रशनं झाडतो. लोकं म्हनतात, येळ लई लावतो.”

समोर भिंतीवर खरंच तीन-चार रंगवायचे ब्रश टांगलेले होते.

इतकी वर्षं मी समजत होतो की तो मला शिव्या घालत असेल. खोटं बोलणारा, पाठीत सुरा घालणारा, असं काहीतरी. ते मी ऐकून घेतलं असतं, त्याची तयारी करूनच गेलो होतो. तो मात्र इतकी वर्षं स्वतःच्या हातांवर शंका घेत बसला होता. मीटिंगमधलं माझं बोलणं त्याने खोटं धरलं असेलही, पण कपाटाजवळचं वाक्य त्याने खरं धरलं होतं. संगणकाच्या बाबतीत मी चुकीचं सांगेन असं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. तार गुंडाळणारा हात थांबला होता, तीही ऐकत होती.

मी म्हणालो, “वायर जुनी होती. टिक वाजूनही कधीकधी ढिली राहते.”

“असं व्हय,” तो म्हणाला. मान हलवली. “तरी म्हनलं.”

त्याची बायको म्हणाली, “मी सांगत हुते न्हवं? हात जड हाय तुमचा.” दोघं हसली. मीही हसलो. बसला उशीर होतोय म्हणून उठलो. तो स्टॉपपर्यंत सोडायला आला आणि बस हलेपर्यंत उभा राहिला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. चार दिवसांनी त्याचा फोन आला, “साहेब, मिक्सरला कायबी झालेलं न्हवतं. तरी उघडून साफ करून ठेवलाय. येऊन घेऊन जावा.” मी येतो म्हणालो. पुढच्या महिन्यात परत आला. मग परत. आता त्याचं नाव पडद्यावर दिसलं की मी फोन वाजू देतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायको पाट्यावर चटणी वाटते आणि विचारते, एका मिक्सरला किती दिवस लागतात हो. मी म्हणतो, पार्ट मिळत नाहीये.

परवा आळंदीच्या बसमध्ये चढलो होतो. दोन स्टॉपनंतर उतरलो आणि चालत परत आलो. बसमध्ये बसल्यावर काय बोलायचं ते मी मनात म्हणून बघत होतो. आतापर्यंत पाठ झालंय. माफ कर हा शब्द त्यात नाही, तो म्हटला की तोच मला खुर्ची देईल आणि म्हणेल, जाऊ द्या साहेब. त्याला तसं म्हणता येऊ नये. म्हणून फक्त काय घडलं ते आहे. मीटिंगमध्ये टेबलाच्या त्या टोकाकडे बघून मी जे म्हणायला हवं होतं, आणि त्याच्या दुकानात कप खाली ठेवल्यावर परत एकदा म्हणायला हवं होतं, तेवढंच:

वायर ढिली नव्हती. तू ऐकलेला टिक आवाज खरा होता, दोन्ही वायरींचा. कार्ड आपोआप उठणार नाही अशी खूण मीच टाकली होती, आणि ती पुसलीही मीच. खंडेनवमीला तू मला फोन केला होतास, दोनदा विचारलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, कर बंद, तुला काही बघायला नको.